अर्जातील अक्षर आणि नोंदीची शुद्धता

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या गावांची यादी चाळली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. या तालुक्यात राळेगण सिद्धी आहे, तसेच राळेगण थेरपाळही आहे. लोणी हवेली आणि लोणी मावळा ही दोन स्वतंत्र गावे आहेत. वडगाव सावताळ, वडगाव आमली, वडगाव गुंड, वडगाव दर्या अशी वडगावेही एकाहून अधिक आहेत. नगर-पुणे रस्त्यावरील सुपा या गावास पुष्कळ लोक सुपे म्हणतात आणि सुपे नावाचे इतिहासप्रसिद्ध गाव पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात आहे. गावकऱ्यांचा यात कधी गोंधळ होत नाही. बोलणारा कोण, तो कोणत्या वाटेने आला, यावरून ऐकणाऱ्यास गाव कळते. संगणकास मात्र हे कळत नाही. त्याच्यापुढे जे अक्षर येते तेवढेच त्याला ठाऊक असते.

आज शासनाशी नागरिकांचा होणारा व्यवहार मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांवरील अर्जांतून होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित झालेल्या अनेक सेवांसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा उपलब्ध होऊ लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच भ्रमणध्वनीवरून करू लागला. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कोरा रकाना पुढे येतो आणि त्यात नागरिक, सेवा केंद्राचा चालक किंवा कार्यालयातील लिपिक मजकूर भरतो. त्या मजकुराचे पुढे काय होते, तो कसा तपासला जातो आणि तपासणीत चूक झाल्यास कोणाचे नुकसान होते, हे केवळ संगणकतज्ज्ञांनी जाणावयाचे विषय राहिलेले नाहीत. ज्यांच्या सहीने वा शिफारशीने अशा अर्जप्रणाली स्वीकारल्या जातात, ज्यांच्या शाळेत वा पंचायतीत त्या वापरल्या जातात, त्या सर्वांना त्यांची ओळख असणे आवश्यक आहे.

कागदाच्या काळातील शिस्त

पडताळणी ही संगणकाने आणलेली नवी कल्पना नव्हे. धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिली जाते. अक्षरी रकमेपुढे ‘मात्र’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ ओढली जाते, म्हणजे मागाहून कोणास एखादे शून्य वा शब्द वाढविता येऊ नये. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये घेतल्यावर ती लगेच प्रमाणित होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तिची सूचना चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना कळविले जाते, हरकतींसाठी मुदत दिली जाते आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराचे नाव खोडून टाकले जात नसे, तर त्यास कंस केला जात असे, जेणेकरून पूर्वी काय होते हेही वाचता यावे. एवढी काळजी घेऊनही लेखनप्रमाद राहिलाच, तर त्याच्या दुरुस्तीसाठी याच संहितेत कलम १५५ ठेवलेले आहे.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. प्रत्येक टप्प्यावर डोळस माणूस बसलेला होता. ‘राळेगण’ एवढेच लिहिलेला अर्ज आला तर तलाठी ‘कोणते राळेगण?’ असे विचारीत असे. संगणकीय प्रणालीत हा प्रश्न विचारण्याचे काम आधीच नियमरूपाने लिहून ठेवावे लागते. ते लिहिले नाही, तर प्रश्न विचारलाच जात नाही आणि चूक सरळ नोंदीत जाऊन बसते.

दोन वेगळी कामे

आलेल्या मजकुराच्या बाबतीत दोन कामे करावयाची असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले काम पडताळणीचे. रकान्यात जी माहिती अपेक्षित आहे तीच आली आहे काय, हे पाहणे म्हणजे पडताळणी. न जुळणारी माहिती कारण सांगून परत केली जाते. दुसरे काम मजकूर निर्धोक करण्याचे. स्वीकारलेला मजकूर साठविताना अथवा इतरांना दाखविताना त्यातील एखादे चिन्ह संगणकाने आज्ञा समजू नये, अशी तजवीज करणे म्हणजे मजकूर निर्धोक करणे. पहिल्या कामाने नोंद खरी राहते. दुसऱ्याने सगळे दप्तर सुरक्षित राहते. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

पडताळणीच्या पायऱ्या

पडताळणीचे सर्वांत सोपे तत्त्व असे, की जेथे निवड देता येते तेथे लिहावयास लावू नये. गावाचे नाव टंकलिखित करून घेण्याऐवजी जिल्हा, तालुका व गाव अशी क्रमाने निवड करू दिली आणि नावाऐवजी त्या गावाचा संकेतांक साठविला, तर दोन राळेगणांचा गोंधळ मुळातच उद्भवत नाही. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास असा संकेतांक दिलेला आहे. याचा दुसरा लाभही आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या प्रणालीत संकेतांक साठविला होता, तेथे यादीतील एक नाव बदलले की काम झाले. जेथे प्रत्येक अर्जात नाव अक्षरशः लिहिले होते, तेथे जुने व नवे नाव ही दोन वेगळी स्थळे म्हणून मोजली जाण्याचा धोका राहतो.

दुसरी पायरी प्रकार व लांबी पाहण्याची. पिन कोड सहा अंकी असतो. पारनेरचा ४१४३०२ आहे. भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असतो. बँक शाखेचा आयएफएससी संकेतांक अकरा चिन्हांचा असून त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची असतात व पाचवे चिन्ह शून्य असते. हे नियम ठाम आहेत, म्हणून ते काटेकोरपणे लावावेत. परंतु नावात ‘क्रमांक’ असला म्हणून प्रत्येक गोष्ट संख्या नसते. गट क्रमांक ‘२१४/१/अ’ असा असू शकतो. त्या रकान्यात केवळ अंक घेण्याचा नियम लावला, तर शेतकरी एक तर अर्ज सोडून देतो किंवा ‘२१४’ एवढेच लिहून दुसऱ्याच हिश्श्याची माहिती देऊन बसतो. चुकीचा नियम असा खऱ्या माणसाकडून खोटी नोंद करवून घेतो.

तिसरी पायरी मर्यादेची. १०० आर म्हणजे १ हेक्टर. तेव्हा आर या रकान्यात ९९ पेक्षा मोठा अंक येता कामा नये. हेक्टर व आर मिळून एकच रकाना ठेवल्यास आणखी एक घोटाळा होतो. १ हेक्टर ५ आर क्षेत्र कोणी ‘१.५’ असे लिहिले, तर संगणक ते १ हेक्टर ५० आर समजतो. लिहिणाऱ्याच्या मनात ५ आर आणि नोंदीत ५० आर, असा ४५ आरांचा फरक केवळ एक शून्य न लिहिल्याने पडतो. दोन रकाने वेगळे ठेवणे हाच येथे खरा उपाय.

चौथी पायरी परस्परसंबंधाची. पिकाखालील क्षेत्र हे त्या गटातील लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा अधिक असू शकत नाही. जन्मदिनांक अर्जाच्या दिनांकानंतरचा असू शकत नाही. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे बरोबर असूनही अर्ज एकंदरीने अशक्य असू शकतो, हे या तपासणीतच उघड होते.

पाचवी पायरी तपासणी अंकाची. आधार क्रमांक बारा अंकी असून त्यातील शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. यासाठी वापरलेली रीत डच गणितज्ञ व्हर्हुफ यांनी १९६९ मध्ये मांडली. कोणताही एक अंक चुकला अथवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर या रीतीने ती चूक तत्काळ कळते. अर्थात क्रमांक गणितात बसला म्हणजे तो त्याच व्यक्तीचा आहे असे सिद्ध होत नाही. तेवढ्यासाठी प्रमाणीकरणाचा वेगळा टप्पा लागतोच.

मराठी अक्षरांचे वेगळेपण

वरील नियम कोणत्याही भाषेस लागू पडतात. मराठी मजकुरासाठी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. परभाषेत तयार झालेल्या प्रणाली जशाच्या तशा उचलल्या, की नेमक्या याच ठिकाणी त्या अडखळतात.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले. तीत स्वर व व्यंजने ही ‘अक्षरे’ म्हणून, तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही ‘जोडचिन्हे’ म्हणून वर्गीकृत आहेत. ‘शिंदे’ या आडनावात श आणि द ही दोनच अक्षरे असून वेलांटी, अनुस्वार व मात्रा ही तीन जोडचिन्हे आहेत. नावात ‘फक्त अक्षरे’ चालतील असा नियम करणाऱ्याने जोडचिन्हांचा विचार केला नसेल, तर महाराष्ट्रातील हे सर्वपरिचित आडनावही अवैध ठरते.

लांबीचेही तसेच. ‘राळेगण सिद्धी’ हे नाव वाचणाऱ्यास सहा अक्षरांचे वाटते. युनिकोडच्या हिशेबाने त्यात मधल्या मोकळ्या जागेसह १३ चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या रूढ पद्धतीने साठविताना त्यास ३७ बाइट जागा लागते. रोमन लिपीतील नावांसाठी आखलेला ३० बाइटांचा रकाना या गावाचे नाव मध्येच तोडून टाकील. म्हणून लांबीची मर्यादा ठरविताना ती कशात मोजली आहे, हे प्रणाली करणाऱ्यास विचारावे.

एकच शब्द दोन रीतींनी साठविला जाण्याचा प्रश्नही आहे. ‘डोंगरदऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत नुक्त्याच्या र चा उपयोग होतो, तर दुसरीत साध्या र नंतर डोळ्यांस न दिसणारे एक जोडणारे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असतात आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडत नाही. त्यातच ‘न दिसणारी सर्व चिन्हे काढून टाकावीत’ असा स्वच्छतेचा सरसकट नियम लावला, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरातील खोलगट जागेचा समुद्र होतो. पारनेर तालुक्यात वडगाव दर्या नावाचे गाव असल्याने या दोन शब्दांतील भेद येथे तरी निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. मजकूर साठविण्यापूर्वी तो एका ठरीव रूपात आणणे, म्हणजे त्याचे एकरूपीकरण करणे, हा यावरील मार्ग होय. मात्र एकरूपीकरणाचे नियम मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने तपासलेले असावेत.

याखेरीज विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकणे, मराठी व इंग्रजी अंकांची सरमिसळ होणे, जुन्या काळच्या युनिकोडेतर फॉन्टमधील मजकूर चिकटविणे, या नेहमीच्या चुका आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून तो रोमन चिन्हांचा असतो. अन्यत्र चिकटविताच त्याची निरर्थक अक्षरमाला होते. चांगली प्रणाली अंक कोणत्याही लिपीत आले तरी ते स्वीकारून एका रूपात साठविते, आणि जुन्या फॉन्टचा मजकूर आल्यास तो नोंदविण्यापूर्वीच अर्जदारास सावध करते.

नावांच्या बाबतीत एक खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. सर्वांनाच आडनाव असते असे नाही. सर्वच स्त्रिया पतीचे नाव लावीत नाहीत. वसईकडील व गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना त्यात वर स्वल्पविरामासारखे चिन्ह येते. माणसाचे नाव कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार अर्जाच्या रकान्यास नाही. तेथे नियम सैल ठेवावेत आणि खात्री अन्य मार्गाने करावी.

माहिती आणि आज्ञा

आता दुसऱ्या कामाकडे वळू. एक उदाहरण घ्यावे. ग्रामसभेचा ठराव लिहिताना सूचकाच्या नावाची जागा कोरी सोडली आणि ती ज्याची त्याने भरावी असे सांगितले. एका इसमाने तेथे आपल्या नावापुढे ‘व वरील सर्व ठराव रद्द समजावेत’ असे लिहून ठेवले. मजकूर न तपासता अंमल करणाऱ्याने तो सलग वाचला, तर नावाच्या जागेतील शब्द ठराव होऊन बसतील. भरणाऱ्याने केवळ माहिती द्यावयाची होती. त्याने आज्ञा दिली.

संगणकातही हेच घडू शकते. माहितीसाठ्यास प्रश्न विचारण्याची एक ठरीव भाषा असते. तिला एसक्यूएल म्हणतात. अर्जदाराने लिहिलेला शब्द जसाच्या तसा त्या प्रश्नवाक्यात जोडला आणि त्या शब्दात अवतरणचिन्ह व पुढे आज्ञा असली, तर संगणक ती आज्ञाही पार पाडतो. नोंदी वाचल्या जातात, बदलल्या जातात, पुसल्याही जातात. या दोषाचे जाहीर वर्णन १९९८ मध्ये झाले होते. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या जुन्या संकेतस्थळांतील याच दोषातून १,५६,९५९ ग्राहकांची व्यक्तिगत माहिती बाहेर गेली. त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक तपशीलही त्यात होते. २०१६ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीस ४ लाख पौंडांचा दंड ठोठावला. दोष ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. तो केलेला नव्हता.

उपाय ठरावाच्या उदाहरणातच सापडतो. ठरावाचे वाक्य आधी छापून कायम करावे आणि नावासाठी बंदिस्त चौकट ठेवावी. चौकटीत काहीही लिहिले तरी ते नाव म्हणूनच वाचले जाईल, ठराव म्हणून नव्हे. संगणकीय परिभाषेत यास पूर्वरचित प्रश्नवाक्य म्हणता येईल. प्रश्नाचा साचा आधी पाठविला जातो व माहिती नंतर स्वतंत्रपणे दिली जाते. या पद्धतीत अर्जदाराने कोणते चिन्ह वापरले याने काही बिघडत नाही.

मजकूर दाखवितानाची काळजी

साठविलेला मजकूर पुन्हा पडद्यावर येतो, तेव्हा दुसरा धोका उभा राहतो. संकेतस्थळाची पाने एचटीएमएल या भाषेत लिहिलेली असतात व तीत < आणि > या कोनाकृती कंसांतील मजकूर आज्ञा समजला जातो. तक्रारीच्या रकान्यात कोणी अशा कंसांत आज्ञा लिहून ठेवली आणि ती तशीच दाखविली गेली, तर तक्रार उघडून वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या संगणकावर, त्याच्याच अधिकाराने, ती आज्ञा चालू शकते. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतील मायस्पेस या संकेतस्थळावर एका तरुणाने आपल्या परिचयपानात अशी आज्ञा दडविली. ते पान पाहणाऱ्याच्या पानात ती आपोआप उतरत असे. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक पानांवर ती पोहोचली आणि संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले.

येथील उपाय म्हणजे मजकूर दाखविताना त्यातील अशा चिन्हांना केवळ चिन्हे म्हणून दाखविणारे रूप देणे. मूळ मजकूर मात्र अर्जदाराने लिहिला तसाच साठवावा. पान, पत्र, तक्ता अशा प्रत्येक ठिकाणी निर्धोकतेची रीत वेगळी असते, म्हणून ती त्या त्या ठिकाणी योजावी.

कार्यालयांत नित्य वापरल्या जाणाऱ्या एक्सेल तक्त्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. इंग्रजी अंकांत लिहिलेला गट क्रमांक १/२ तक्त्यात घेतला की तो पुष्कळदा दिनांक समजला जातो, आणि बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र समजला जातो. संकेतस्थळावरील नोंद बिनचूक असूनही अहवालात ती बिघडते. अशा स्तंभास आधीच ‘मजकूर’ हा प्रकार ठरवून दिल्यास हा घोटाळा टळतो.

बंदी हा उपाय नव्हे

धोक्याची जाणीव झाल्यावर अनेक ठिकाणी सोपा मार्ग निवडला जातो. अवतरणचिन्ह नको, कंस नको, ठरावीक अक्षरांपलीकडे काहीच नको, अशी बंदी घातली जाते. या मार्गाचे मूल्यमापन करताना पारनेर तालुक्याचेच स्मरण होणे साहजिक आहे. राळेगण सिद्धी येथील ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्याच्या निर्मितीत व अंमलबजावणीत मोठा वाटा होता. राज्याचा तो कायदा २००२ चा; त्यानंतर केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ६ नुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा यांपैकी कोणत्याही भाषेत, लेखी वा इलेक्ट्रॉनिक साधनाने अर्ज करता येतो. ज्यास लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या सुधारणेने अर्ज एका विषयापुरता आणि सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा असे ठरले. केंद्र शासनाने २०१३ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी संकेतस्थळ सुरू केले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत अर्जाच्या रकान्यासाठी ३,००० चिन्हांची मर्यादा घातली गेली आणि रोमन अक्षरे, अंक व काही मोजकी विरामचिन्हे एवढीच चालतील असे नमूद झाले. मोठा अर्ज स्वतंत्र जोडपत्राने देण्याची सोय मात्र ठेवण्यात आली. लांबीची मर्यादा समजण्यासारखी आहे. ती आधी सांगितलेली असते व तिला पर्यायही असतो. परंतु चिन्हांची यादी आखताना कायद्याने मान्य केलेली भाषाच यादीबाहेर राहिली, तर नागरिकाचा हक्क रकान्याच्या दारात अडतो. हे तत्त्व प्रत्येक अर्जास लागू आहे.

सुरक्षितता पूर्वरचित प्रश्नवाक्याने आणि दाखवितानाच्या काळजीने मिळते. नागरिकाची अक्षरे कमी केल्याने नव्हे. बंदी घालूनही कुशल घुसखोरास वाट सापडू शकते. अडतो तो साधा अर्जदार. म्हणून ज्या रकान्याचे स्वरूप निश्चित आहे तेथे नियम काटेकोर असावा. जेथे माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे आहे तेथे भाषा मोकळी आणि हाताळणी कडक असावी.

तपासणी कोठे व्हावी

अर्ज भरतानाच ‘पिन कोड सहा अंकी असावा’ अशी सूचना दिसते. ही तपासणी अर्जदाराच्याच संगणकावर होते व ती त्याच्या सोयीसाठी असते. ती टाळून अर्ज थेट पाठविणे जाणकारास अवघड नसते. कचेरीबाहेरील अर्जनवीस अर्ज नीट लिहून देतो, म्हणून आतील लिपिक तो न वाचता दाखल करून घेत नाही. त्याचप्रमाणे शासनाच्या सर्व्हरवर प्रत्येक अर्जाची संपूर्ण तपासणी पुन्हा झालीच पाहिजे.

तपासणीत अर्ज परत करावयाचा झाला तर कारण अर्जदारास समजेल अशा मराठीत सांगावे. ‘अवैध माहिती’ या दोन शब्दांनी कोणाचेच समाधान होत नाही. ‘क्षेत्र गटातील लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा अधिक भरले आहे, सातबारा पाहून पुन्हा भरावे’ अशी सूचना उपयोगी पडते. आधी भरलेले बाकीचे रकाने पुसले जाऊ नयेत. बाजारच्या दिवशी तालुक्यास येऊन सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयास लावणे म्हणजे त्याचा एक दिवस घेणे होय.

आणि सर्व तपासणी होऊनही चूक राहील हे गृहीत धरून दुरुस्तीची वाट ठेवावी. २०२२ मधील ई-पीक पाहणीच्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा देण्यात आली आणि १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी असे ठरले. स्वयंघोषणेवर विश्वास, नमुना तपासणी आणि दुरुस्तीची संधी अशी ही त्रिसूत्री अन्य प्रणालींसही मार्गदर्शक ठरावी. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही माहितीची अचूकता व ती दुरुस्त करून मिळण्याचा हक्क ही तत्त्वे अंतर्भूत आहेत.

कोणी काय करावे

अधिकाऱ्यांनी नवी अर्जप्रणाली स्वीकारण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. प्रत्येक रकान्याचा नियम कोणता व तो कोणत्या आधारावर ठरविला? सर्व्हरवर पुन्हा तपासणी होते काय? माहितीसाठ्याशी व्यवहार पूर्वरचित प्रश्नवाक्यांनीच होतो काय? भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, नामिकेवरील संस्थेकडून सुरक्षा तपासणी झाली आहे काय? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक आहे. ती कोणी द्यावयाची हे आधीच ठरले आहे काय?

पंचायत सदस्यांनी आपल्या गावची खरी नावे, खरे गट क्रमांक आणि अडचणीची उदाहरणे घेऊन प्रणालीची चाचणी करवून घ्यावी. जोडाक्षरांची नावे, आडनाव नसलेली व्यक्ती, हिश्श्यांचे गट, एकाच नावाची दोन गावे ही उदाहरणे कार्यालयात बसून सुचत नाहीत. ती गावातच मिळतात. अर्ज दाखल करण्यापूर्वी भरलेला मजकूर अर्जदारास मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा सेवा केंद्रांत पाडता येईल. चावडीवाचनाचीच ही धाकटी आवृत्ती होय.

शिक्षकांकडे येणारे काम अधिक मूलगामी आहे. विद्यार्थ्याचे नाव प्रवेशाच्या वेळी जसे नोंदले जाते, तसे ते पुढे दाखल्यांतून, गुणपत्रिकांतून व ओळखपत्रांतून प्रवास करते. पहिल्या नोंदीतील ऱ्हस्व-दीर्घाची चूक वीस वर्षांनी नोकरीच्या अर्जात आडवी येते. युनिकोड मराठी टंकलेखनाचा सराव, अंकी व अक्षरी दिनांक ताडून पाहण्याची सवय आणि भरलेला अर्ज पाठविण्यापूर्वी वाचण्याची शिस्त शाळेतच लागू शकते.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात जमा होतात. नाव, आधार आणि खाते यांचा मेळ बसला नाही तर हप्ता थांबतो. कोरडवाहू जमिनीवर बाजरी, मूग अथवा वाटाणा घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने २,००० रुपयांचा हप्ता वेळेवर येणे व न येणे यांत बियाणे घेण्याचा वा उसनवारी करण्याचा फरक असतो. रकान्यातील एका अक्षराची पडताळणी करताना त्या कुटुंबाचे काम नीट पार पडते आहे की नाही, हेच अखेर पाहावयाचे असते.